शालनच्या ट्रॅक्टरचा चार्जर

नारायणगावात जुन्या हायवेला आमचं बॅटरीचं दुकान होतं. बायपास झाल्यावर गाड्या बाहेरून जायला लागल्या. आता त्या गाळ्यात मोबाईलच्या काचा बदलून देतात. चाळीस वर्षांहून जास्त मी तिथे बॅटऱ्या चार्ज केल्या. बोर्डावर नाव नवऱ्याचं होतं.

नवऱ्याच्या छातीला अ‍ॅसिडची वाफ सोसायची नाही. म्हणून तो पुढे खुर्चीवर बसायचा आणि मी मागे पत्र्याच्या खोलीत. गिऱ्हाईक त्याला विचारायचं, "भाऊ, बॅटरी कवा मिळंल?" तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी दोन बोटं दाखवली की तो म्हणायचा, "दोन दिवस लागतील." मी बॅटरी उलटी धरून हलवली आणि नकाराची मान केली, की तो तोंड पाडून म्हणायचा, "पावणं, ही गेली." लोक म्हणायचे, भाऊंचा हात चांगला आहे. भाऊंच्या हातात बहुतेक वेळा चहाचा कप असायचा. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नव्हतं.

माझं शिक्षण चौथी, पेठच्या शाळेत. पेठ माझं माहेर. बॅटरीच्या पाण्याचा दाटपणा मोजायला काचेची नळी असते, तिच्यात आकड्यांची कांडी तरंगते. त्याला आम्ही ग्रॅव्हिटी बघणं म्हणतो. साडेबाराशेच्या वर कांडी गेली तर पोट भरलं, साडेअकराशेला आली तर उपाशी. एवढं वाचायला चौथी पुरते. बाकीचं नाकाला आणि हाताला कळतं. अ‍ॅसिडने सुती कापड जाळीसारखं होतं, म्हणून मी सुती नेसायचं सोडलं आणि जन्मभर टेरिकॉट नेसलं. नातेवाइकांना वाटायचं मला मिरवायची हौस आहे.

आणखी एक सांगते आणि पुढे जाते. आम्ही बौद्ध. दुकान नवं होतं तेव्हा आमच्या हातचं पाणी ज्यांना चालायचं नाही, त्यांच्या बॅटऱ्यांना आमच्या हातचं पाणी चालायचं. पुढे माणसांनाही चालायला लागलं. बॅटऱ्या आधी सुधारल्या.

बॅटरी चार्ज करणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मी शेताचं उदाहरण देते. कोरड्या वावराला पाणी द्यायचं तर दारं बेतानं धरावं लागतं. एकदम सोडलं तर पाणी वरून वाहून जातं, माती धुपते आणि मुळाशी कोरडंच राहतं. बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा असतात. करंट बेतानं दिला तर तो प्लेटांत मुरतो. दांडगा दिला तर पाणी उकळतं, वाफ होऊन जातं, प्लेटा वाकतात. जुना हिशेब असा की शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला, आमच्या भाषेत शंभराच्या, दहा अँपिअरचा करंट. म्हणजे दहा-बारा तास. लोकांना दहा-बारा तास म्हटलं की राग येतो. बॅटरी उतरली की लोक काय काय करतात ते मी पाहिलं आहे. एकाने ताकद यावी म्हणून वरून नवं अ‍ॅसिड ओतलं होतं. एकाने चुलीजवळ ठेवून शेकली होती. ओझरकडच्या एका बाईने तर नजर उतरून आणली होती. तिन्हींमध्ये तिचीच बॅटरी वाचली, कारण तिने आत हात घातला नव्हता.

डिंभ्याचे धोंडूभाऊ माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. धरणात मासे धरायचे. होडीतल्या दिव्यासाठी त्यांच्याकडे एक बॅटरी होती. ती ते एसटीने आणायचे. कंडक्टर बॅटरी घेऊ देत नाही, अ‍ॅसिड सांडतं म्हणून. धोंडूभाऊ ती गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचे. एकदा कंडक्टरने विचारलं, "काय हाय गोधडीत?"

"बाळ हाय."

"रडत कसं न्हाई?"

"तुमी धक्का द्या, मंग बघा कसं चावतंय."

त्या बसचा भरवसा नसायचा, म्हणून धोंडूभाऊ आठवड्यातून एकदाच यायचे. बॅटरी ठेवून जायचे ती दुसऱ्या दिवशीच्या बसने न्यायचे. तेवढ्या वेळात मी ती अगदी बारीक करंटवर लावून ठेवायची. घाई नाही, काही नाही. पैसेवाल्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या तीन वर्षांत भंगारात जायच्या, धोंडूभाऊंची सात वर्षं चालली. तेव्हा मी म्हणायची, गरिबाची वस्तू टिकते. खरं कारण वेगळं होतं, ते मला शालनच्या वेळी कळलं.

नवरा गेल्यावर पुढची खुर्ची मी मागे नेली आणि दोन्ही कामं मीच करायला लागले. दुकान बंद करायच्या आदल्या वर्षी राजुरीहून दोन माणसं आली. एक शालन, चाळिशीची, उजवं मनगट मोडून वाकडं सांधलेलं. दुसरा तिचा दीर विलास. शालनचा नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याला घरी येतो. त्याने बायकोसाठी बॅटरीवर चालणारा एक बारका ट्रॅक्टर जुना विकत घेतला होता, कुठल्या बंगल्याच्या बागेतला. वर बसून चालवायचा, शेवंतीच्या दोन ओळींतून जाईल एवढाच रुंद. डिझेलच्या यंत्राचे हिसके शालनच्या मनगटाला झेपत नव्हते, याला हिसका नाही आणि धूरही नाही. फक्त त्याच्या बॅटऱ्या मेल्या होत्या आणि चार्जर जळाला होता.

विलास म्हणाला, "मावशी, वहिनीच्या ह्या खेळण्याला चार बॅटऱ्या आन चार्जर पायजे. कसलं बी द्या, पन तगडं द्या."

चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या, बैलांच्या माळेसारख्या. शंभराच्या. तेवढं सोपं होतं. चार्जर निवडायचा तर दोन गोष्टी विचाराव्या लागतात. मी विचारल्या.

"रोज किती तास चालवणार?"

"आता ट्रॅक्टर म्हनलं की चालनारच की. सकाळपासनं दिस बुडंस्तवर."

"लाईट कुठली?"

"मोटरीच्या खोलीतली. आठ तास असती. ह्या आठवड्यात दिवसा, फुडल्यात रातची."

"मावशी, मी काय म्हनते," शालनने तोंड उघडलं.

"वहिनी, त्यांना हिशेब करू द्या," विलास म्हणाला, "आन मावशी, ह्यो हंगाम चाललं तर चाललं. न्हाय तर बाग मी वाट्यानं करनार. दादाशी बोलनं झालंय माजं. वहिनीनं घरचं बगावं, मनगट घिऊन कुटं वावरात मरायचं?"

शालनने मनगट पदराखाली घेतलं. बाग एकराची, शेवंती आणि झेंडूची. ती तिने उभी केली होती, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी मान खाली घालून आकडे मांडत होते. दिवसभर काम म्हणजे बॅटरी रोज तळाला जाणार. लाईट आठच तास, आणि दिवसाची असली तर ट्रॅक्टर वावरात. दहाच्या करंटने ती कधीच भरणार नाही. म्हणून मी पंचवीसचा चार्जर दिला. मोठा, लोखंडी पेटीचा, हाताने चालू करायचा आणि हाताने बंद करायचा. माझा हिशेब बरोबर होता. मला आकडेच खोटे मिळाले होते.

तीन आठवड्यांनी शालनचा फोन आला. "मावशी, बॅटऱ्या उकळाय लागल्यात. भाताच्या पातेल्यावानी आवाज येतोय. हात लावला तर पोळतंय."

मी म्हटलं, "बटण बंद कर, दार-खिडकी उघड, काडी पेटवू नको, बाहेर ये. आधी बाहेर ये." उकळत्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने भडकतो. माझ्या भावाची एक भुवई त्यात गेली, ती परत आली नाही.

पुढच्या सोमवारी मी राजुरीला गेले. मोटरीची खोली पत्र्याची, ऊन डोक्यावर. चारी बॅटऱ्यांची बुचं उघडली. पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या. दोन बॅटऱ्यांची पोटं फुगली होती. नळी आत घातली तर कांडी उठेचना. दोन मेल्या, दोन अर्धमेल्या.

"चार्जर किती तास चालू होता?" मी विचारलं.

विलास म्हणाला, "ते आपण ऑटोवर टाकलंय."

"त्याला ऑटो नाही."

"अवो, बटन दाबूनच ठिवलंय. मोटरीवानी. लाईट आली की आपोआप सुरू, गेली की बंद. कोन येतंय सारखं बगाय?"

आमच्याकडे विहिरीच्या मोटरींना असाच जुगाड असतो. लाईट कधीही येते, म्हणून मोटर चालू ठेवूनच माणूस घरी जातो. मोटरीला चालतं. वावर काही भरून फुटत नाही. बॅटरीला भूक असो नसो, लाईट आली की पंचवीसचा करंट तोंडात, रोज आठ तास.

पण रोज दिवसभर काम झालं असतं तर एवढं व्हायला नको होतं. काहीतरी चुकत होतं. मी म्हटलं, "शालन, ट्रॅक्टर चालू करून दाखव. जीव उरला असेल तेवढ्यात किती दमतो ते बघते."

खोलीच्या दारात शालनची सासू बसली होती, ऐंशीच्या घरातली. ती म्हणाली, "आज न्हाय. आज सोमवार. आमच्यात सोमवारी औत धरत न्हाईत."

विलास हसला. "आये, ह्यो काय बैल हाय का?"

"कामाला धरलं म्हंजी बैलच. तुला रोज धरला तर तू बी फुगशील."

बैलांना सोमवारी विसावा द्यायची ही चाल इकडे सगळ्या जुन्या घरांत आहे. आमच्या घरात सोमवार-बिमवार काही नाही. मी चालू करायचा हट्ट सोडला. शालनला विचारलं, "बरं, तोंडाने सांग. तू रोज किती तास चालवतेस?"

"सकाळी फुलं तोडून झाली की कोळपनीला दोन तास. कवा कवा क्रेट वढाया अर्धा तास. त्याच्या वर मनगट चालत न्हाई माजं."

"दोन तास?"

"दोन."

"मग त्या दिवशी दुकानात बोलली का नाहीस?"

शालन म्हणाली, "तुमी भाऊजींना इचारलं."

मी नळी खाली ठेवली. चाळीस वर्षं माझ्या दुकानात लोक आले आणि माझ्या नवऱ्याला विचारत राहिले, आणि मी मागून बोटं दाखवत राहिले. त्याचा राग मी आयुष्यभर बाळगला. आणि ट्रॅक्टर चालवणारी बाई समोर उभी असताना मी तिच्या दिराला विचारलं, किती तास चालवणार. ज्याने त्यावर बूडसुद्धा टेकलं नव्हतं. ती बोलायला गेली तर मी मानही वर केली नाही. ही खोड मला कधी लागली, ते मला सांगता येत नाही. पण लागली होती.

विलास म्हणाला, "मंग आता काय? मी म्हनलंच व्हतं, खेळनं हाय. दादाला सांगतो, वाट्याचं बगू."

"दादाला नंतर सांग," मी म्हटलं, "चूक माझी आहे. ट्रॅक्टरची नाही आणि तिची तर नाहीच."

"सोलर बसवू का मंग? न्हाय तर ते लिथियम म्हनत्यात, ते घालू."

"घाल. पण माझ्याकडून नाही. लिथियम मला येत नाही. जे येत नाही ते मी विकत नाही. सोलरने होईल, पण दोन तासांच्या कामाला छप्पर भरून पत्रे कशाला? बैल एक आणि गव्हाणी दहा."

मग मी तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले, या वेळी शालनला. ती म्हणाली, बाग घरामागेच आहे, ट्रॅक्टर रोज गोठ्यात आणायला तिला काहीच अवघड नाही. गोठ्याला घरची लाईट आहे, गावठाणची, ती सहसा जात नाही. मोटरीच्या खोलीत ठेवायचं विलासने ठरवलं होतं, कारण ट्रॅक्टर म्हटलं की मोटरीच्या खोलीत. सगळा हिशेबच बदलला. दोन तास काम म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी उतरणार. लाईट दिवसभर. मग घाई कोणाला? दहाचा चार्जर पुरे, भरलं की आपोआप थांबणारा. असा लहान चार्जर माझ्या दुकानात फळीवर धूळ खात पडला होता. त्याला कोणी घेत नव्हतं, कारण तो लहान दिसायचा.

बॅटऱ्या मी चारी बदलून दिल्या. दोन नव्या आणि दोन जुन्या एका माळेला जोडता येत नाहीत, नवी ओढते आणि जुनी लोंबते. त्या माझ्या चुकीने गेल्या होत्या, म्हणून माझ्या गेल्या. ते तिथेच संपलं.

शालनला गोठ्यात उभं करून मी रीत सांगितली. काम झालं की लगेच वायर लावायची नाही, चहा पिऊन होईस्तोवर बॅटरी गार होऊ द्यायची. मग लावायची, आणि चार्जरवर हिरवा दिवा आला की काढायची. पाणी कमी झालं तर डिस्टिल वॉटर घालायचं, अ‍ॅसिड नाही, हापशाचं नाही, देवाचं तीर्थ तर मुळीच नाही. आणि आठवड्यातून एक दिवस ट्रॅक्टर वापरायचाच नाही. या चार्जरला दुसरं एक बटण आहे, ते दाबून अगदी बारीक करंटवर दिवसभर लावून ठेवायचा. कारण चार बॅटऱ्या माळेत असल्या की एखादी रोज थोडी मागे राहते. रोजच्या भरण्यात ते कळत नाही. आठवड्यातून एकदा सावकाश मुरवलं की चारी एका पातळीला येतात.

हे सांगता सांगता मला धोंडूभाऊ आठवले. सात वर्षं त्यांची बॅटरी टिकली ती गरिबीमुळे नाही. बस वेळेवर येत नव्हती म्हणून. आठवड्याला एक दिवस तिला सक्तीचा विसावा होता आणि सावकाश पोट भरत होतं. मी स्वतःच ते करत होते आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

"कंचा दिवस ठिवायचा?" शालनने विचारलं.

मी म्हातारीकडे बघितलं. "सोमवार."

म्हातारी विलासला म्हणाली, "आयकलंस? बॅटरीवाल्या बाईला बी म्हाईत हाय."

मी म्हटलं, "आजी, मला देवाचं माहीत नाही. पण तुमच्या सोमवारात तथ्य आहे."

"देवाचं म्हाईत नसलं तरी चालतंय," ती म्हणाली, "बैलाचं म्हाईत पायजे."

त्यानंतर मी महिन्याला एकदा राजुरीला जायचे, सोमवारीच, कारण विसाव्याच्या दिवशी ग्रॅव्हिटी खरी कळते. चारी बॅटऱ्यांची कांडी एका रेघेवर उभी असायची. मेकॅनिक लोकांना मी हे सांगितलं तर ते म्हणतात, त्यात काय. ज्याने चार बॅटऱ्या एका रेघेवर ठेवल्या आहेत त्याला विचारा त्यात काय.

शेवटची खेप दसऱ्याच्या आधीची. झेंडू तोडायला आला होता. हंगामाचे थोडेच दिवस राहिले होते आणि वाट्याचं बोलणं अजून मिटलं नव्हतं. आदल्या दोन दिवसांत परतीचा पाऊस झोडपून गेला होता. मी गोठ्यात नळी धरून बसले होते, शालन बुचं पुसून देत होती, म्हातारी दारात. विलास गुडघ्यापर्यंत चिखलात भरून आला. त्याच्या स्वतःच्या झेंडूचे क्रेट वावरात पडून होते आणि त्याचा मोठा ट्रॅक्टर बांधाशीच रुतला होता.

"वहिनी, तुमचं ते बारकं द्या जरा. हलकं हाय, रुतायचं न्हाई. क्रेट रस्त्याला काढतो आन आनून लावतो."

शालनने माझ्याकडे बघितलं. मी नळीतल्या कांडीकडेच बघत राहिले. विचारलं मला नव्हतं.

"आज सोमवार हाय, भाऊजी," शालन म्हणाली.

"अवो, एक दिस!"

"उद्या माजी फुलं झाल्यावर. दोन तास. चालवनार मी, तुमी क्रेट भरायचे."

विलासने एक पाय दाराच्या दगडाला घासला. चिखल त्याच्या पायावर वाळत होता. म्हातारीने तंबाखूची चिमूट गालात सारली. "का रं, बाग वाट्यानं करनार व्हतास ना? आन आता तिच्याच दारात हुबा?"

"ते ऱ्हाऊ दे आता, आये," विलास म्हणाला. मग तो वळला आणि माझ्याकडे नाही, शालनकडे बघून त्याने विचारलं, "वहिनी, उद्या किती वाजता येऊ?"